फळ्यावरची खालची ओळ

जमलेल्या सगळ्यांना माझा नमस्कार. लक्ष्मक्का, तुम्हाला वेगळा नमस्कार.

मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. दोन शब्दांत माझं कधी भागलं नाही, हे गल्लीला ठाऊक आहे. आणि आज तर पहिलाच शब्द तोंडातून निघत नाही. माईक जरा खाली करा. अजून खाली. हां, बास.

हे मी माझ्या हातानं वहीत लिहून आणलंय. चार दिवस लिहीत होते. माझी शाळा दुसरीपर्यंत, तीही पुरी नाही. मधे थांबले तर अक्षर लागलं नाही असं समजा. रडू आलं तरी अक्षर लागलं नाही असंच समजा.

लक्ष्मक्कांचे यजमान मल्लय्याअण्णा गेले. आज तेरावा दिवस. आत्ता मंडळाच्या अध्यक्षांनी सांगितलं की अण्णांच्या फोटोमागं भिंतीवर जो फळा दिसतोय, तो कायमचा जपायचा. त्याला काच बसवायची. खाली अण्णांचं नाव घालायचं. शोकसभा आहे म्हणून तुम्ही टाळ्या वाजवल्या नाहीत, पण माना हलवल्या. मी हलवली नाही. का नाही हलवली, ते सांगायला आले आहे.

पण आधी अण्णांचं सांगते. इथं नवे भाडेकरू आहेत, कॉलेजची मुलं आहेत, त्यांना अण्णा म्हणजे फळ्याखाली पाय पोटाशी घेऊन बसलेला म्हातारा, एवढंच माहीत. आणि खरं सांगायचं तर मला मुद्द्यावर लवकर यायचंच नाही.

अण्णा चादरीच्या कारखान्यात मागावर होते. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, मागावर दोन्हीची खिचडी. कानाला कमी ऐकू यायचं, मागावर चाळीस वर्षं उभ्या राहिलेल्या माणसाला येतं तेवढंच. काम सुटल्यावर माणसं पारावर बसतात, पत्ते खेळतात. अण्णांनी एका बंद पडलेल्या बालवाडीचा फळा आणला आणि इथं सार्वजनिक नळाच्या भिंतीला ठोकला. का? तर पाण्यासाठी. आपल्याकडं पाणी रोज येत नाही. कधी चौथ्या दिवशी, कधी पाचव्या. कधी येणार ते एकालाच ठाऊक, पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याला. त्या चावीवाल्याला अण्णा चहा पाजायचे आणि विचारून घ्यायचे. मग सकाळी फळ्यावर वर एक ओळ लिहायचे. पाणी उद्या पहाटे. पाणी परवा दुपारी. कमी दाबानं.

ती वरची ओळ कधी खोटी ठरली नाही. हे लक्षात ठेवा. वरची ओळ खरी असायची.

आणि खाली दुसरी ओळ, तिची सुरुवात ठरलेली. माहीत आहे का?

एवढं लिहून पुढं काहीतरी असायचं. नळाला रांग लागलेली असायची, घागरी, कळश्या, डबे. बायका उभ्या राहून काय करणार? भांडणार. अण्णा म्हणायचे, "भांडण करण्यापेक्षा वाचा." मला वाचता येत नव्हतं. मी नुसती फळ्याकडं तोंड करून उभी राहायची, देवळात राहतात तशी. एक दिवस अण्णांनी काठी घेतली, एकेका अक्षरावर टेकवली आणि म्हणाले, "यमुनाबाई, हे काय?" मी म्हणाले, "ह." "आणि हे?" "त्त." पाणी आलं, रांग पुढं सरकली, माझी घागर मागंच राहिली. पण त्या दिवशी माझ्या जन्मातलं पहिलं आख्खं वाक्य मी वाचलं. हत्तीला उडी मारता येत नाही.

तुम्ही हसताय. हसा की. मी पण हसले होते. घरी येऊन चुलीपुढं बसून एकटी हसले. एवढा थोरला हत्ती, आणि त्याला उडी येत नाही. मला येते. सासू म्हणाली, "हिला काय झालं?" काय सांगू तिला?

मग मला नादच लागला. पाणी नसलं तरी मी फळा बघायला यायची. समुद्रात आठ पायांचा एक प्राणी असतो, त्याला तीन काळजं असतात. एक काळीज सांभाळताना आपला जीव जातो, याला तीन. ढेकूण वर्षभर उपाशी राहतो. एका मोठ्या बादशहानं अर्धी दुनिया जिंकली, पण मांजर दिसलं की त्याला घाम फुटायचा. एक लई मोठा शास्त्रज्ञ पायात मोजे घालायचा नाही. तेव्हा आमची शांता बोलली होती, "मग आपली समदी गल्लीच शास्त्रज्ञ हाय की." आणि परदेशातली एक राणी म्हणे जन्मात दोनदाच अंघोळीला बसली. रांगेतून आवाज आला, "तिच्या गावालाबी आपलाच चावीवाला आसंल."

अण्णा ते लिहायचे कुठून आणून? भज्याच्या कागदावरून. शेंगांच्या पुडीवरून. कॅलेंडरच्या मागून. न्हाव्याच्या दुकानातल्या जुन्या अंकातून. सगळे चिटोरे बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचे. आता भज्याचा कागद म्हटलं की तेल आलं, आणि नेमका महत्त्वाचा शब्द तेलात गेलेला असायचा. एकदा जिराफाचं होतं. जिराफ दिवसातून इतके तास झोपतो, आणि इतके म्हणजे किती, ते फाटलेलं. अण्णांनी रांगेला विचारलं, "किती लिहू?" एक म्हणाली चार. दुसरी म्हणाली, "येवढी मान घिऊन चार तास झोप लागंल व्हय?" शेवटी हात वर करून ठरलं, अर्धा तास. आणि तसं लिहिलं.

म्हणजे बघा, आमच्यासमोर ठरलेलं असायचं. आम्हीच ठरवलेलं. तरी दुसऱ्या दिवशी फळ्यावर वाचलं की खरं वाटायचं. का? कारण वरची ओळ खरी असायची. पाणी उद्या पहाटे म्हणजे उद्या पहाटे. ज्या हातानं पाण्याचं खरं लिहिलं, तो हात जिराफाचं खोटं कशाला लिहील? असा आमचा हिशेब. वेडा होता, पण आमचा होता.

आता मुद्द्यावर येते.

एका सकाळी मी आले तर अण्णा हातात खडू घेऊन नुसते उभे. वरची ओळ लिहिलेली, खाली "माहीत आहे का?" एवढंच. पुढं काही नाही. मी म्हणाले, "अण्णा, काय झालं?" म्हणाले, "डबा संपला यमुनाबाई. सगळं लिहून झालं. तुमच्याकडं काही आहे का? तुम्ही मेंढरांत वाढलेल्या."

माझं माहेर सांगोल्याकडचं. बाप मेंढरं राखायचा. आणि मला त्या घडीला काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, आपलं काहीतरी फळ्यावर जावं. राण्यांचं जातं, बादशहांचं जातं, ढेकणाचंसुद्धा जातं. माझं का जाऊ नये?

मी म्हणाले, "आहे की."

आणि मी सांगितलं. माझी एक मेंढी होती. टिकली तिचं नाव, कपाळावर पांढरा ठिपका होता म्हणून. तिची आई मेली तेव्हा ती दोन दिवसांची होती. कापसाच्या बोळ्यानं शेळीचं दूध पाजून मी तिला जगवली. माझ्या अंगावर निजायची. मग माझं लग्न झालं. लग्नात माझ्या नवऱ्याच्या चुलत्याला फेटा बांधायचा राहिला. एवढंच. त्यांनी माझं माहेर तोडलं. सणाला नाही, बाळंतपणाला नाही. सात वर्षं मी माहेराची वाट बघितली नाही असा दिवस गेला नाही. मग तो चुलता वारला, आणि फेट्याचा राग त्याच्याबरोबर गेला. सात वर्षांनी मी माहेरी गेले.

इथपर्यंत सगळं खरं आहे. लक्ष्मक्का, इथपर्यंत खरं आहे.

पुढं मी अण्णांना सांगितलं, "मी माळावर गेले, हाक मारली, तर टिकलीनं मान वर केली. आणि आख्ख्या कळपातनं वाट काढत माझ्याकडं पळत आली."

अण्णांचे डोळे असे मोठे झाले. "सात वर्षांनी?"

"सात वर्षांनी."

"डोळ्यांनी बघितलं तुम्ही?"

"डोळ्यांनी बघितलं."

आणि त्यांनी लिहिलं. माहीत आहे का? मेंढी माणसाचा चेहरा सात वर्षे विसरत नाही.

त्या दिवशी मी तीनदा पाण्याला आले. घरात पाणी भरलेलं असताना आले. घागर ओतून परत आले. पाण्याची नासाडी केली मी, सोलापुरात. रांगेत उभी राहून माझी ओळ वाचायची, आणि शेजारणीला विचारायची, "आज काय लिहिलंय गं? मला चष्मा नाही." ती वाचून दाखवायची. तिच्या तोंडून ऐकायला लई गोड लागायचं.

आता आपला रमेश. रमेश, तू तिथं मागं उभा आहेस, मला दिसतोयस. खाली मान घालू नकोस. तुझी तक्रार करायला मी आले नाही. तुझं मोबाइलचं दुकान नवीन होतं. तू फळ्याचा फोटो काढलास, गल्लीच्या ग्रुपवर टाकलास आणि लिहिलंस, आजचा विनोद. तिथंच थांबला असतास तर काही नव्हतं. पण तू आधीचंही फोनवर शोधत बसलास. शहामृग वाळूत डोकं खुपसतं, खोटं. काचेतल्या माशाला तीन सेकंदांची आठवण असते, खोटं. बादशहा आणि मांजर, कुठं नोंद नाही. आणि एका सकाळी माझ्या ओळीखाली तुझ्या अक्षरात एक शब्द होता. पुरावा? नुसता तेवढाच. पुढं प्रश्नचिन्ह.

अण्णा त्या शब्दाकडं किती वेळ बघत होते, मी सांगू शकत नाही. पाणी येऊन गेलं, ते तिथंच. मला बघितलं आणि म्हणाले, "यमुनाबाई, बाकीचं कागदावरचं होतं. कागद खोटा असू शकतो. जिराफाचं तर आपणच ठरवलं. पण मेंढीचं तुम्ही बघितलंय ना?"

बघा, दार उघडं होतं. अण्णांनी स्वतःच उघडून दिलं होतं. मी नुसतं म्हणायचं होतं, अण्णा, गंमत केली. हसले असते. त्यांना गंमत कळायची. जिराफाची कळली नव्हती का?

मी म्हणाले, "व्हय. बघितलंय."

मग त्यांनी ओलं फडकं घेतलं आणि सगळा फळा पुसला. फक्त माझी ओळ आणि तिच्याखालचा तो शब्द ठेवला. आणि जिथं पुरावा लिहिलं होतं, तिथंच पुढं लिहिलं. यमुनाबाईंनी स्वतः डोळ्यांनी पाहिले आहे.

झालं. माझं नाव फळ्यावर आलं.

मग गल्ली माझ्याकडं यायला लागली. "आज्जी, खरं का?" मी खुर्ची टाकून बसायची. पहिल्यांदा सांगितलं, टिकली पळत आली. दुसऱ्यांदा सांगितलं, तिनं माझा हात चाटला. तिसऱ्यांदा ती पदराला धरून मागं मागं आली. शाळेतल्या बाई मुलांना घेऊन आल्या, तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं. ती मुलं रडली. बाई रडल्या. मी पण रडले. आणि ते रडणं खोटं नव्हतं, हे मला आजही कुणाला समजावून सांगता येत नाही.

रमेश, तूसुद्धा आलास. माझ्या पाया पडलास आणि म्हणालास, "आज्जी, चुकलं माझं." ती माफी परत घे. चूक तुझी नव्हती. तू विचारलेलं बरोबर होतं. या गल्लीत एकट्यानं तूच बरोबर विचारलंस.

तुम्हाला वाटेल, म्हातारी एवढ्याशा गोष्टीला का एवढं लावून धरते? मेंढीचंच तर होतं. कुणाचं काय बुडालं?

सांगते काय बुडालं. अण्णांनी त्या दिवसानंतर खाली नवी ओळ लिहिली नाही. म्हणायचे, "आता फक्त पुराव्याचं लिहायचं. ज्यानं डोळ्यांनी बघितलंय त्याचंच." आणि डोळ्यांनी कोण काय बघणार? बादशहाचं मांजर कुणी बघितलंय? राणीची अंघोळ कुणी बघितली? लोक काही घेऊन आले की अण्णा विचारायचे, "तुम्ही बघितलं का?" माणूस कागद परत खिशात घालायचा. मग अण्णा माझ्याकडं बोट करायचे. "यमुनाबाईंसारखं आणा." मला म्हणायचे, "आणखी काही पुराव्याचं आहे का?" मी म्हणायची, "बघते, आठवते." मला आठवत सगळं होतं.

लक्ष्मक्का, तुम्हीच मला सांगितलं की त्यांनी चिटोऱ्यांचा डबा एका सकाळी अंघोळीच्या बंबात रिकामा केला. तुम्ही म्हणालात, "बरं झालं बाई, झुरळं झाली होती." तुम्ही हसत सांगितलं, आणि मी तुमच्यासमोर चहा प्याले. त्या बंबात तीन काळजांचा प्राणी गेला. जिराफ गेला. माझा हत्ती गेला. आणि फळ्यावर राहिलं काय? त्या सगळ्यांत जे एकच मुद्दाम केलेलं खोटं होतं, ते. भज्याच्या कागदानं आम्हाला कधी फसवलं नव्हतं. त्याला ठाऊकच नव्हतं तो काय सांगतोय. मला ठाऊक होतं.

मग पाण्याची वेळ फोनवर यायला लागली. वरची ओळ कुणी वाचेना. अण्णांनी ती लिहायची सोडली. चावीवाला बदलला, नव्याला चहा नको होता. मग त्यांनी ब्रश आणि पांढरा ऑइल पेंट आणला आणि माझी ओळ रंगानं लिहून काढली, पावसानं जाऊ नये म्हणून. "माहीत आहे का?" पासून "पाहिले आहे" पर्यंत. हात थरथरत होता, म्हणून अक्षरं अशी वाकडी आहेत. ती तुम्हाला काचेत ठेवायचीत.

आणि मग अण्णा विसरायला लागले.

आधी चष्मा. मग चप्पल. मग घराची बोळ. मुलगा येऊन हाताला धरून न्यायचा. मग बाहेर पडणं बंद झालं. मी रोज मनाशी म्हणायची, उद्या जाऊन सांगते. मंगळवारी म्हणायची गुरुवारी. गुरुवारी म्हणायची, आज घरात पाहुणे असतील. पाणी येणाऱ्या दिवशी म्हणायची, आज पाणी आहे. नसलेल्या दिवशी म्हणायची, आज अंघोळ नाही, कसं जायचं? शहाण्या माणसाला एक सबब पुरत असेल, मला रोज नवी लागायची. दोन वर्षं पुरल्या.

गेल्या महिन्यात एकदाची मी त्यांच्या घरी गेले. लक्ष्मक्का, तुम्ही दार उघडलंत, आणि मला त्यांच्याजवळ बसवून आत गेलात. अण्णा भिंतीला टेकून बसले होते. अंगावर चादर, त्यांच्याच मागावरची असेल. मी म्हणाले, "अण्णा, मी यमुना." त्यांनी बघितलं. चांगलं बघितलं. आणि परत चादरीच्या गोंड्याकडं वळले. बोटांनी गोंडे सोडवत बसले.

मी परत म्हणाले, "अण्णा, फळ्यावरची यमुनाबाई."

मग ते माझ्याकडं वळले. चेहरा उजळला. मला वाटलं, ओळखलं. म्हणाले, "बाई, तुम्हाला माहीत आहे का? मेंढी माणसाचा चेहरा सात वर्षं विसरत नाही."

आणि लगेच पुढं म्हणाले,

"खोटं नाही. पुरावा आहे. आमच्या इथल्या एका बाईनं डोळ्यांनी बघितलंय."

लक्ष्मक्का, मी काय म्हणाले असेन? तेच सांगायला गेले होते ना? समोर माणूस होता, जवळ दुसरं कुणी नव्हतं, तोंडात शब्द होता.

मी म्हणाले, "व्हय का? मला म्हाईत नव्हतं."

तेवढंच बोलले आणि निघाले. तुम्ही म्हणालात, "बसा की, चहा टाकलाय." मी म्हणाले, घरी दूध उतू जाईल. तेही खोटं होतं.

आता खरं काय झालं होतं ते सांगते. आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलांना नाही.

सात वर्षांनी मी माळावर गेले. बाप काठीला टेकून उभा होता. कळप चरत होता. टिकली मला लांबूनच दिसली, कपाळावर ठिपका, अंग भरलेलं, पायाशी तिचं कोकरू. मी हाक मारली. तीच हाक, लहानपणीची. टिकले, ये, ये. ती चरत राहिली. मी जवळ गेले. हातात भाकरीचा तुकडा होता, घरून तिच्यासाठी बांधून आणलेला. पुढं केला. दुसरीच एक मेंढी आली, मी कधी न बघितलेली, आणि भाकरी खाऊन गेली. टिकलीनं मान वर केली नाही. बाप म्हणाला, "अगं, मेंढरू हाय ते. त्याला काय कळतंय." मी हसले. बापाला वाटलं, पोरीला पटलं.

सात वर्षं मी जिची आठवण काढून रडले, तिनं मान वर केली नाही. एवढंच डोळ्यांनी बघितलं मी.

परवा हे लिहिताना माझी नात सोनाली शेजारी बसली होती. तिनं वाचलं. फोन काढला आणि बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "आज्जी, मेंढरं चेहरे ओळखतात म्हणे. बरेच दिवस ध्यानात ठेवतात म्हणे. सात वर्षांचं कुठं नाही, पण बाकी तू बोललीस ते खरंच निघालं की." तिला वाटलं, आज्जीच्या जिवाला बरं वाटेल.

मी तिला म्हणाले, "बाळा, म्हणजे टिकलीनं मला ओळखलं होतं, आणि तरी मान वर केली नाही?"

तिनं फोन ठेवून दिला.

म्हणून तुम्ही माना हलवल्या तेव्हा मी हलवली नाही. अध्यक्ष, काच बसवायची असेल तर बसवा. अण्णांचं नाव घालायचं असेल तर मोठ्या अक्षरांत घाला. पण माझ्या ओळीखाली नको. तो पेंट थिनर लावून घासला तर निघतो. उद्या सकाळी मी फडकं घेऊन येणार आहे. गुडघे दुखतात, पण स्टुलावर बसून होईल. फळा पुसून कोरा करणार आहे. त्यावर काय लिहायचं ते तुम्ही ठरवा. हात वर करून ठरवा, जिराफासारखं. मला विचारू नका. आणि काही सुचलं नाही तर नुसती वरची ओळ लिहा, पाणी कधी आहे ती. फोनवर येते, ठाऊक आहे मला. तरी लिहा. ती खरी असायची.

लक्ष्मक्का, तुमच्याकडं माफी मागायला माझ्याकडं तोंड नाही. ज्यांच्याकडं मागायची होती ते ओळखायचे तेव्हा मी गेले नाही, आणि मी गेले तेव्हा ते ओळखत नव्हते.

आता सगळे उभे राहा. ज्यांचे गुडघे माझ्यासारखे आहेत ते बसून राहा. पाणी यायच्या आधी नळातून नुसती हवा येते, सूं करून, तुम्हाला माहीत आहे. तेव्हा रांगेतली सगळी भांडणं थांबायची. एकही बाई बोलायची नाही. सगळ्या कान देऊन उभ्या राहायच्या, येतंय का, येतंय का. तेवढा वेळ गप्प राहूया. आज नळाचा दिवस नाही, त्यामुळं काही येणार नाही. तरी राहूया.

अण्णा, टिकलीनं मला ओळखलं नव्हतं. नमस्कार.